जंजिऱ्याकाठची ईद



जंजिरा हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. शिवाजी महाराजांच्या गोष्टीत ते येते. महाराजांनी कितीतरी किल्ले घेतले, पण समुद्रातला हा किल्ला हाती आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली. तीही पुरी झाली नाही. एवढे आपल्याला ठाऊक असते. पण त्या किल्ल्यात माणसे राहत होती, त्यांची लेकरेबाळे होती, त्यांचेही सणवार होते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आम्ही त्या माणसांकडे जाऊन आलो. तेही ऐन रमजान ईदला. ती हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

आम्ही म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या साक्षरता वर्गांतली अकरा माणसे. सात बाया आणि चार पुरुष. त्यात गिरणाऱ्याची मावशी होती, दिंडोरीचे नाना होते, सिन्नरच्या दोघी जावा होत्या. यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

जायचे कसे ठरले, ते सांगतो. आपल्या भागात एक गुरुजी होते. मुसलमान. मराठी शाळेत तीस वर्षे त्यांनी मुले शिकवली. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, राजपुरीला परत गेले. राजपुरी हे गाव रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळ, खाडीच्या काठावर आहे. गावासमोरच पाण्यात जंजिरा उभा आहे. जाताना गुरुजी म्हणाले होते, "तुमचा तिळगूळ आणि तुमचा फराळ मी तीस वर्षे खाल्ला. एकदा सणाला माझ्याकडे या. थोडं तरी फेडू द्या."

निघायच्या आधी कुरबूर झालीच. ती लपवण्यात अर्थ नाही. एक जण म्हणाला, "त्यांच्या सणाला आपलं काय काम?" मावशी माळकरी. तिला निराळीच काळजी. "त्यांच्यात जेवायचं कसं? मटणाचं पातेलं नि दुधाचं पातेलं एकच असलं तर?" आम्ही गुरुजींना फोन लावून दिला आणि मावशीच्या हातात ठेवला. गुरुजी म्हणाले, "मावशी, तुमच्यासाठी चूल वेगळी, भांडी वेगळी. शिरखुर्म्यात दूध असतं, शेवया असतात, खारीक असते. पंढरीला चालतं ते सगळं." मग मावशी पिशवी भरायला लागली.

२०२५ सालचा पाडवा ३० मार्चला होता. त्या दिवशी पहाटे घरोघर गुढ्या उभारल्या आणि सात वाजता आम्ही निघालो. कसारा घाट उतरलो, पनवेल, पेण, अलिबाग केले, रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडला. मग उजव्या हाताला समुद्र लागला, तो मुरूडपर्यंत सुटला नाही. सिन्नरच्या जावा खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, "एवढं पाणी, नि सगळं खारट! देवानं असं कसं केलं?" या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते.

राजपुरीला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. गुरुजींचे घर कौलारू. मागे नारळ आणि सुपारी. घरातली माणसे उपासाची होती. रमजान महिन्याला २ मार्चला सुरुवात झाली होती. रोज पहाटे उजाडायच्या आधी खायचे, आणि मग दिवस मावळेपर्यंत अन्न नाही की पाणी नाही. आपल्या एकादशीला साबुदाणा चालतो, दूध चालते. इथे पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि तेही मार्च महिन्याच्या उन्हात, कोकणच्या घामात. आजारी माणसाला, प्रवाशाला, गर्भारशीला, लहान मुलांना सूट असते. बाकी सगळे धरतात. गुरुजींचा पुतण्या होडी वल्हवतो, तोही धरतो.

बांग झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्याले. आम्हालाही खजूर दिला. आणि मग सारे गाव खाडीच्या काठावर निघाले. का? तर चंद्र बघायला.

तुम्ही म्हणाल, पंचांगात बघितले की झाले! पण त्यांच्याकडे चंद्र डोळ्यांनी दिसावा लागतो. दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. म्हणून कधी एकोणतीस रोजे होतात, कधी तीस. आम्हीही काठावर उभे राहिलो. पोरे बोटे दाखवत होती. "तो बघा!" "कुठाय?" "त्या माडाच्या वर!" आणि दिसला. नखाच्या कडेएवढी बारीक कोर. एकदम कल्ला झाला. माणसे एकमेकांना सलाम करू लागली. बायांनी डोक्यावर पदर घेऊन हात पसरले आणि दुआ मागितली.

आमचे दिंडोरीचे नाना मात्र विचारात पडले. ते म्हणाले, "अरे, काल अमावास्या झाली. आज पाडवा. ही तर आपल्या चैत्राची कोर!"

नाना बरोबर बोलले. आपला महिना चंद्रावर चालतो, आणि मुसलमानांचा महिनाही चंद्रावरच चालतो. जो चंद्र पाहून त्यांची ईद ठरली, तोच आपल्या चैत्राचा चंद्र. त्या वर्षी पाडवा आणि ईद असे लागून आले, ते यामुळेच.

पण मग दर वर्षी असे का होत नाही? ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणजे दर वर्षी अकरा दिवस कमी पडतात. आपल्या पूर्वजांनी यावर तोड काढली. साधारण तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा घालायचा. तोच आपला अधिकमास, धोंड्याचा महिना. जावयाला ताट देतो, तो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, आठवत असेल. अधिकमासामुळे आपली दिवाळी पावसाळा संपल्यावरच येते, कधी उन्हाळ्यात येत नाही. मुसलमान लोक असा महिना घालत नाहीत. म्हणून त्यांचा रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी तो थंडीत येतो, कधी पावसाळ्यात, कधी भर उन्हाळ्यात. साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पहिल्या जागी येतो. गुरुजींचे चाचा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "त्यामुळं होतं काय, की एकाच मुलखाच्या माणसाला कायम उन्हाळ्याचे रोजे येत नाहीत. सगळ्यांची पाळी सारखी." नानांना हे पटले. ते बराच वेळ बोटांवर हिशेब करीत होते.

त्या रात्रीला चांदरात म्हणतात. रात्रभर घराघरांत दिवे होते. मुली मेंदी काढत होत्या. सिन्नरच्या जावांचेही हात रंगले. मावशी म्हणाली, "मला नको गं, मी रांडमुंड बाई." तेव्हा घरातली एक म्हातारी पुढे झाली. सगळे तिला दादी म्हणत. गुरुजींची थोरली वहिनी. पंच्याहत्तरीची असेल. ती म्हणाली, "मीपण तुझ्यासारखीच. मालक गेल्याला वर्ष झालं. सणाला बोट तरी रंगव." आणि तिने मावशीच्या करंगळीला मेंदी लावली. दोघींची गट्टी जमली ती तिथून.

दुसरा दिवस ईदचा. सकाळी पुरुष अंघोळ करून, नवे कपडे घालून, अत्तर लावून नमाजाला निघाले. निघण्याआधी गुरुजींनी एक काम केले. घरातली माणसे मोजली. थोर, लहान, पाळण्यातले मूलसुद्धा. आणि प्रत्येकामागे दीड-दोन किलो गव्हाची किंमत बाजूला काढून एका गरीब घरी पोचवली. याला फितरा म्हणतात. ईद-उल-फित्र हे सणाचे खरे नाव. फितरा नमाजाच्या आधीच द्यायचा असतो. कारण सणाच्या दिवशी शेजारच्या घरात चूल थंड असू नये. शिवाय ज्याच्याजवळ शिल्लक आहे, त्याने वर्षाला शेकडा अडीच रुपये गोरगरिबांसाठी काढायचे, त्याला जकात म्हणतात. बरेच लोक ती रमजानमध्येच देतात. आपल्याकडेही दानधर्म आहे. पण हे असे मोजून-मापून, नेम ठरवून देणे आम्हाला आवडले. दान करणाऱ्याच्या मर्जीवर ते राहत नाही.

आम्ही चौघे पुरुष मशिदीबाहेर उभे राहून नमाज पाहत होतो. नाशिकला त्र्यंबक रस्त्याच्या ईदगाह मैदानावर केवढा समुदाय जमतो, मालेगावची तर बातच सोडा. इथे गाव लहान. माणसे थोडी, पण रांग सरळ. होडीवाला आणि बागायतदार खांद्याला खांदा लावून उभे. नमाज झाल्यावर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि आम्ही बाजूला उभे होतो तर आमच्याही गळ्यात पडले. नाना जरा अवघडले. पण तिसऱ्या माणसानंतर तेही हात पसरून पुढे व्हायला लागले.

शेजारी कोळ्यांची घरे आहेत. तेही ईद मुबारक म्हणायला आले आणि शिरखुर्मा पिऊन गेले. कोळीणबाईंनी येताना पाडव्याच्या साखरगाठी आणल्या होत्या. त्या दादीच्या नातवंडांच्या गळ्यात घातल्या. पोरांना इकडून गाठी आणि तिकडून ईदीचे पैसे. त्यांची चैन झाली. घरातली माणसे आपसांत त्यांची कोकणी बोली बोलत. आम्हाला अर्धी कळे, अर्धी नाही. आमच्याशी मात्र स्वच्छ मराठी.

दुपारी जेवणे झाली. मावशीसाठी तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ आणि सांदणं. ती खरेच वेगळ्या चुलीवर शिजवली होती. जेवण झाल्यावर बाया आतल्या खोलीत पाय पसरून बसल्या. दादी कुराण वाचत होती. उजवीकडून डावीकडे बोट फिरत होते. मावशी बघत राहिली. तिने विचारले, "दादी, तुम्हाला वाचता येतं?"

"हे येतं. लहानपणी मौलवींनी शिकवलं. उर्दूपण येते. तुमची मराठी अक्षरं नाही येत. तुला येतात?"

मावशी म्हणाली, "मला आत्ता यायला लागली. बासष्टीला."

दादीने तिच्याकडे बारीक नजरेने पाहिले. मग उठली, कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला आणि त्यातून घडी केलेला एक कागद मावशीच्या हातात दिला. म्हणाली, "हा कागद आलाय. रमजान चालू होता, म्हटलं ईद होऊ दे, मग बघू. वाच."

आता बघा, वर्गात धडा वाचणे वेगळे, आणि परक्या घरी, दहा माणसांपुढे, सरकारी कागद वाचणे वेगळे. सरकारी कागदातले शब्द म्हणजे खडे. मावशीने चष्मा पुसला. एकेका अक्षरावर बोट ठेवीत ती वाचू लागली. फेर-फा-र. फेरफार. नो-टी-स. तो शब्द वाचताच ती थांबली आणि म्हणाली, "थांबा. हा कागद मला म्हाईत हाये."

तो वारसाच्या नोंदीचा कागद होता. एखादा खातेदार वारला, की त्याच्या जमिनीवर वारसांची नावे लावतात. तलाठी तशी नोंद धरतो आणि संबंधितांना नोटीस देतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कोणाची हरकत असेल तर ती लेखी द्यायची असते. हरकत आली नाही, तर नोंद मंजूर होते. मावशीचा नवरा वारला तेव्हा अशीच नोटीस तिच्या घरी आली होती. तेव्हा तिला वाचता येत नव्हते. तिने तो कागद चुलीमागे ठेवला आणि पंधरा दिवस निघून गेले. पुढे तीन वर्षे तिला तालुक्याला खेटे घालावे लागले. ती वर्गात आली, ती त्याच कारणाने.

मावशी पुढे वाचू लागली. जमीन दहा गुंठे, सुपारीची वाडी. मयताचे नाव. मग वारसांची नावे. एक नाव वाचले, दादीचा थोरला मुलगा. तो जहाजावर खलाशी आहे. दुसरे नाव वाचले, धाकटा मुलगा. तो घरीच असतो. आणि पुढे नाव नव्हते. मावशीने कागद उलटला. मागे कोरा. तिने पुन्हा वरून खाली बोट फिरवले. मग मान वर करून म्हणाली, "दादी, यात तुमचं नाव न्हाई. लेकीचंबी न्हाई."

खोलीत कोणी बोलेना. धाकटा मुलगा दारातच उभा होता. सणाचा दिवस, घरात पाहुणे, आणि पाहुणीनेच हे वाचून दाखवलेले. आमच्यातल्या एकाने हळूच म्हटलेही, "मावशी, राहू दे आता. आपण परके." मावशीने कागद खाली ठेवला नाही.

मुलगा म्हणाला, "मी नाही लिहिलं असं. एजंटानं लिहिलं. तो म्हणाला, नावं कमी असली तर पुढं व्यवहार सोपा."

गुरुजींनी विचारले, "कसला व्यवहार?"

मुलगा गप्प बसला. मग कळले ते असे. मुरूडच्या किनाऱ्याला पर्यटक फार येतात. समुद्राजवळच्या वाड्यांना भाव आला आहे. एक गिऱ्हाईक त्या वाडीवर डोळा ठेवून होते. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आले, त्यात या वाडीच्या कितीतरी पोफळी आडव्या झाल्या. सुपारीचे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. मुलाचे म्हणणे, एवढी वर्षे वाट बघत काय खायचे? त्याचेही अगदीच चूक नव्हते. होडीच्या कमाईवर चार पोरे. पावसाळ्यात ती होडीही बंद.

दादी एवढेच म्हणाली, "विकायची की ठेवायची, ते नंतर बघू. पण मला न विचारता?"

गुरुजींनी मग पाटी मागवली. शिक्षक माणूस, पाटीशिवाय त्यांना बोलता येत नाही. ते म्हणाले, "आपला धर्म काय सांगतो ते आधी ऐका. मुलंबाळं असली तर विधवेला आठवा हिस्सा. बाकीच्यातून मुलाला दोन वाटे, तर मुलीला एक. वाडी दहा गुंठे. म्हणजे पाव गुंठ्याचे चाळीस तुकडे. आठवा हिस्सा म्हणजे पाच तुकडे भाभींचे. राहिले पस्तीस. त्याचे पाच वाटे करा, सात-सातचे. दोन्ही मुलांना चौदा-चौदा आणि मुलीला सात. म्हणजे भाभींचा सव्वा गुंठा, मुलीचे पावणेदोन आणि मुलांचे साडेतीन-साडेतीन. झाले दहा."

नानांनी बोटांवर मोजले. हिशेब जुळला.

मावशी म्हणाली, "आमच्यात वाटणी निराळी हाये. पन नाव लावायचं ते समद्यांचं. २००५ च्या कायद्यानं लेकीलाबी लेकाएवढा हक्क झालाय. नाव लागलं म्हंजे लगेच जमीन तोडून देत न्हाईत. पन बाईचं नाव असलं, म्हंजे तिला इचारल्याबिगर कोनी ती इकू शकत न्हाई."

नोटीस २० मार्चला हाती आलेली. पंधरा दिवस म्हणजे ४ एप्रिलपर्यंत मुदत. आज ३१ मार्च. ईदची सुट्टी. हातात चार दिवस होते.

त्या संध्याकाळी अर्ज लिहिला गेला. कोणी लिहिला? गुरुजी लिहू शकत होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे. पण दादी म्हणाली, "जिनं वाचलं तीच लिहील." मावशीने वर्गाबाहेर कधी दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या. गुरुजी सांगत गेले, ती लिहीत गेली. सहा ओळींच्या अर्जाला दीड तास लागला. दोन कागद वाया गेले. 'हरकत' हा शब्द तिने आधी पाटीवर चार वेळा गिरवला. मजकूर साधाच होता. माझे पती अमुक तारखेस मयत झाले. त्यांना मी पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असे चार वारस आहोत. नोटिशीत दोनच नावे आहेत. माझी व मुलीची नावे लावावीत. तोपर्यंत नोंद मंजूर करू नये. खाली तारीख आणि सही.

सहीपाशी पुन्हा अडले. घरातल्या एका पोराने शाईचे पॅड आणले. आजवर दादीने मराठी कागदावर अंगठाच उठवला होता. गुरुजी म्हणाले, "अंगठा कशाला? तुम्हाला लिहिता येतं." खरेच की! सही कोणत्याही लिपीत चालते. दादीने लेखणी घेतली आणि उजवीकडून डावीकडे आपले नाव लिहिले. वर मावशीची डावीकडून उजवीकडे गेलेली अक्षरे, खाली दादीची उर्दू सही. तो कागद आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला.

मुलाचे काय झाले, तुम्ही विचाराल. तो रात्री जेवला नाही. खाडीकाठी जाऊन बसला. सकाळी मात्र मोटारसायकल काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, चल. मीच नेतो." दादी डबा पोटाशी धरून मागे बसली. आईला आणि मुलाला रस्त्यात काय बोलायचे ते बोलू द्यावे, म्हणून आमच्यापैकी कोणी बरोबर गेले नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवसाला बासी ईद म्हणतात. होड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. गुरुजींच्या पुतण्याने आम्हाला शिडाच्या होडीतून किल्ल्यावर नेले. अमावास्या नुकतीच झाली होती, म्हणून समुद्राला उधाण होते. अमावास्येला आणि पुनवेला भरती मोठी येते. चंद्र आणि सूर्य दोघेही मिळून पाणी ओढतात. होडीवाल्याला म्हणून तिथी पाठ असावी लागते. हिंदू असो की मुसलमान.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. नुसती काळी भिंत. आणि होडी वळली, की एकदम दार. शत्रूला याचीच भूल पडे. दारावर दगडात एक वाघासारखा प्राणी कोरला आहे. त्याने पंजांत हत्ती धरले आहेत. आत कलालबांगडी नावाची भली मोठी तोफ आहे. पण आमच्या बायांना तोफेचे काही वाटले नाही. त्यांना नवल वाटले ते तळ्यांचे. चहूकडे खारे पाणी, आणि मधे गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव! हे पाणी होते म्हणून किल्ला टिकला. धाकट्या जावेला तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे मिळाले.

जंजिरा हा शब्दच मुळी अरबी 'जझीरा' वरून आला. त्याचा अर्थ बेट. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, असे सांगतात. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला आणि सिद्दी सरदारांच्या हाती बेट आले. सिद्दी मूळचे आफ्रिकेचे, हबसाण देशाचे. म्हणून त्यांना हबशीही म्हणत. कितीतरी जण गुलाम म्हणून विकले जाऊन इकडे आले आणि आपल्या कर्तबगारीने सरदार झाले. निजामशाहीचा मोठा वजीर मलिक अंबर असाच विकला गेलेला पोरगा होता. जंजिऱ्याचे सिद्दी तर पुढे नवाब झाले. त्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. राजपुरीतले सगळेच मुसलमान काही सिद्दी नव्हेत. पुष्कळ जण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातलेच, दर्यावर्दी.

तुम्ही म्हणाल, आफ्रिका कुठे आणि आपण कुठे. पण आपल्या नाशिकचे शरणपूर तुम्हाला माहीत आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे आफ्रिकेतल्या, गुलामगिरीतून सोडवलेल्या मुलांची शाळा होती. पाद्री लोक ती चालवीत. त्या शाळेत जेकब वेनराइट नावाचा एक मुलगा शिकला आणि पुढे आफ्रिकेत परत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन नावाचा मोठा प्रवासी आफ्रिकेच्या आत, रानात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचे शव महिनोन्‌महिने चालत समुद्रकाठी आणले. निघण्याआधी झाडाच्या खोडावर त्याचे नाव आणि तारीख कोरून ठेवायची होती. ते काम जेकबने केले. त्याला लिहिता येत होते. ते तो आपल्या नाशकात शिकला होता. हे आम्ही किल्ल्याच्या तटावर बसून बोललो, तेव्हा होडीवाला पुतण्या म्हणाला, "म्हणजे आपलं नातं जुनंच निघालं!"

आता किल्ल्यात कोणी राहत नाही. गुरुजींनी एक पडकी भिंत दाखवली. त्यांच्या आजीचे घर. ती किल्ल्यात जन्मली आणि लग्न होऊन काठावर आली. संस्थान गेले, नवाबाची चाकरी गेली. दवाखाना काठावर, बाजार काठावर. हळूहळू माणसेही काठावर आली. मशीद तशीच उभी आहे. घरांच्या चौकटीतून झाडे वाढली आहेत. चाचा म्हणतात, त्यांच्या लहानपणी ईदच्या दिवशी किल्ल्यातली माणसे होडीने राजपुरीला येत आणि राजपुरीची किल्ल्यात जात. दिवसभर होड्या खाली नसत.

आम्ही दुपारी परत आलो तेव्हा दादी ओट्यावर बसलेली होती. तिने मावशीला जवळ बोलावून डबा उघडला. आत अर्जाची दुसरी प्रत होती. तिच्यावर तलाठ्याचा शिक्का, तारीख आणि सही. तिला पोच म्हणतात. अर्ज द्यावा आणि पोच घेऊ नये, असे कधी करू नका. पोच नसेल तर अर्ज दिला हे सांगायला तुमच्या शब्दाखेरीज काही नाही. मुलगा म्हणाला, "भाऊसाहेब पोच उद्या देतो म्हणत होते. अम्मा म्हणाली, मी इथंच बसते."

हरकत आली, की प्रकरण तालुक्याकडे जाते. तिथला अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल देतो. इथे दुसरी बाजूच उरली नव्हती. धाकट्याने सुनावणीत सांगितले, की चारही नावे लावा. थोरल्याने जहाजावरून तसेच लिहून पाठवले.

जून महिन्यात गुरुजींचा फोन आला. चार नावे लागली. वाडी अजून विकलेली नाही. पोफळीची नवी रोपे लावायचे चालले आहे, आणि ती मोठी होईपर्यंत मधे केळी लावू म्हणून धाकटा म्हणतो. एक घोटाळा मात्र झाला आहे. मुलीच्या नावातला एक काना टंकताना राहून गेला आहे, त्यामुळे नाव भलतेच वाचले जाते. ते तसे चालणार नाही. अशा लेखनातल्या चुका जमीन महसूल कायद्याच्या १५५ कलमाखाली दुरुस्त करून मिळतात. त्याचा अर्ज करायचा आहे. दादीने निरोप दिला, की मजकूर मावशीनेच सांगावा. मावशी फोनवर सांगत होती आणि तिकडे दादीचा नातू लिहून घेत होता. मधेच मावशी ओरडली, "आरं, थांब. आधी वाचून दाखीव काय लिवलंस ते."